खुर्ची गेली, कागद राहिला: मायकेल रीगन यांच्या कारकिर्दीतून आपण काय घ्यायचे?

१० मार्च २०२१ रोजी अमेरिकेच्या सिनेटने ६६ विरुद्ध ३४ मतांनी मायकेल रीगन यांच्या नियुक्तीला मान्यता दिली. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, १९७० साली स्थापन झाली. तिच्या प्रमुखपदी बसणारे रीगन हे पहिले कृष्णवर्णीय पुरुष. त्यांच्या आधी २००९ मध्ये लिसा जॅक्सन या कृष्णवर्णीय महिलेने हे पद सांभाळले होते. नावामुळे गोंधळ नको म्हणून सांगतो, माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्याशी यांचा काही संबंध नाही. हे नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या गोल्ड्सबोरो गावचे. आई परिचारिका, वडील लष्करी सेवा केलेले आणि नंतर शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या कृषी विस्तार खात्यात काम केलेले.

चार वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, रीगन यांनी उभे केलेले पर्यावरणीय न्यायाचे कार्यालय बंद करण्याचा आदेश त्यांच्या जागी आलेले ली झेल्डिन यांनी काढला. शेकडो लोकांचे काम थांबले, मंजूर झालेली अनुदाने रद्द झाली. याच रीगन यांनी २०१९ मध्ये आपल्या राज्यात एका बलाढ्य वीज कंपनीकडून घेतलेला करार मात्र उभा आहे. तो कोणी पुसू शकलेले नाही.

माणूस तोच, निष्ठा तीच, विषयही तोच. मग एक काम टिकले आणि दुसरे काही आठवड्यांत का कोसळले? या प्रश्नाचे उत्तर आपल्या तरुणांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. आपला एखादा मुलगा किंवा मुलगी मोठ्या पदावर पोहोचली की आपण सत्कार करतो, आणि तो केलाच पाहिजे. पण त्या पदाचा उपयोग नेमका कसा करून घ्यायचा, यावर आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

कचरा कोणाच्या दारात?

रीगन यांची गोष्ट त्यांच्या जन्मराज्यातल्या एका लढ्यापासून समजून घ्यावी लागते.

१९७८ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनात काही लोकांनी पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेले तेल रात्रीच्या वेळी टँकरमधून रस्त्यांच्या कडेने ओतून दिले. एक-दोन नाही, सुमारे २४० मैल. ती माती खरवडून कुठेतरी पुरणे भाग होते. राज्य सरकारने जागा निवडली ती वॉरेन काउंटीतले ॲफ्टन. वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय, गरीब, आणि पिण्याच्या पाण्यासाठी विहिरींवर अवलंबून.

सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक यायला लागले तेव्हा गावकरी रस्त्यावर आडवे झाले. काही आठवडे आंदोलन चालले, ५०० हून अधिक लोकांना अटक झाली. तरीही विष तिथेच पुरले गेले. त्या अर्थाने लढाई हरली. पण त्या हरलेल्या लढाईने देशाला एक प्रश्न विचारायला लावला: विषारी कचरा नेहमी याच लोकांच्या दारात कसा येतो?

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने आग्नेयेकडील आठ राज्यांची पाहणी केली. घातक कचऱ्याच्या चार मोठ्या जागांपैकी तीन कृष्णवर्णीयबहुल वस्त्यांत निघाल्या. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संघटनेच्या वांशिक न्याय आयोगाने देशभराचा अभ्यास मांडला. कचऱ्याची जागा कुठे असेल हे सांगणारा सर्वांत ठळक घटक वंश हा होता, उत्पन्नाचा क्रमांक त्याच्या मागे होता. म्हणजे गरिबी हे एक कारण होतेच, पण ते पुरेसे नव्हते. कचऱ्याला माणसाचा वर्ण कळत होता. हे वाचताना आपल्या वाचकाला वेगळे काही समजावून सांगायची गरज आहे, असे आम्हाला वाटत नाही. गावाची कोणती दिशा कोणाच्या वाट्याला येते आणि गावाची घाण कुठल्या बाजूला टाकली जाते, हे आपल्या आजी-आजोबांनी अभ्यास अहवालाशिवाय ओळखले होते.

या दबावातून १९९२ मध्ये ईपीएत एक छोटे कार्यालय सुरू झाले. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कार्यकारी आदेश १२८९८ काढला. प्रत्येक केंद्रीय खात्याने आपल्या निर्णयाचा अल्पसंख्य आणि गरीब वस्त्यांवर काय परिणाम होतो ते पाहावे, असे त्यात होते. चळवळीसाठी हा मोठा विजय होता. पण तो आदेश होता, कायदा नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो महाग पडणार आहे.

अधिकारी घडतो कसा

रीगन यांचा जन्म १९७६ चा. वॉरेन काउंटीत ट्रक अडवले गेले तेव्हा ते सहा वर्षांचे होते. लहानपणी त्यांना श्वासाचा त्रास होता, हवा खराब असलेल्या दिवशी इनहेलर लागे, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. पदवी त्यांनी नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी या विद्यापीठातून घेतली. गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होते त्या काळात कृष्णवर्णीयांसाठी उभी राहिलेली ही संस्था. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरोच्या वुलवर्थ दुकानात, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसलेले चार विद्यार्थी याच संस्थेचे होते.

पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले. १९९८ पासून सुमारे दहा वर्षे ईपीएतच हवा प्रदूषण आणि ऊर्जा या विभागांत नोकरी केली. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन, दोन्ही सरकारे त्यांनी आतून पाहिली. मग काही वर्षे एका पर्यावरण संस्थेत काम. जानेवारी २०१७ मध्ये राज्यपाल रॉय कूपर यांनी त्यांना नॉर्थ कॅरोलिनाच्या पर्यावरण खात्याचे सचिव केले.

ते खाते तेव्हा बदनाम होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ड्यूक एनर्जी या कंपनीच्या तळ्यातून सुमारे ३९,००० टन कोळशाची राख डॅन नदीत गेली होती. त्या वेळचे राज्यपाल त्या पदावर येण्याआधी जवळपास तीन दशके याच कंपनीत नोकरीला होते. राखेच्या तळ्यांशेजारच्या अनेक कुटुंबांना विहिरीचे पाणी पिऊ नका असे कळवण्यात आले, आणि ती माणसे बाटलीबंद पाण्यावर दिवस काढत होती.

राखेचा करार

कोळसा जाळून वीज तयार होते तेव्हा मागे राख उरते. तिच्यात आर्सेनिक, शिसे, पारा असे घटक असतात. ड्यूकने दशकानुदशके ही राख पाण्यात कालवून अस्तर नसलेल्या तळ्यांत साठवली होती. तळी वरून झाकून टाकू, असे कंपनीचे म्हणणे. राख उचला आणि अस्तर घातलेल्या सुरक्षित जागी न्या, असे रहिवाशांचे म्हणणे. राख उचलणे अब्जावधी डॉलरचे काम होते.

१ एप्रिल २०१९ रोजी रीगन यांच्या खात्याने उरलेली सर्व तळी उपसण्याचा आदेश दिला. कंपनीने आव्हान दिले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २०१९ रोजी, तडजोड झाली: सुमारे ८ कोटी टन राख बाहेर काढायची. अमेरिकेच्या इतिहासातील कोळशाच्या राखेची ही सर्वांत मोठी स्वच्छता आहे.

या करारात दोन गोष्टी होत्या. तो न्यायालयाच्या चौकटीत बांधला गेला होता, आणि त्यावर फक्त सरकार व कंपनी यांच्या सह्या नव्हत्या. वर्षानुवर्षे लढणारे स्थानिक गटही आपल्या वकिलांमार्फत त्यात पक्षकार होते. त्यामुळे सचिव बदलला तरी करार मोडणे सोपे नाही. उद्या खाते झोपले तर गाव स्वतः न्यायालयाचे दार ठोठावू शकते.

याच काळात केमोर्स कंपनी केप फियर नदीत जेनएक्स नावाचे रसायन सोडत असल्याचे २०१७ मध्ये वर्तमानपत्रातून उघड झाले. खाली विल्मिंग्टन शहर हेच पाणी पीत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीवर १ कोटी २० लाख डॉलरचा दंड आणि प्रदूषण रोखण्याचे बंधन घालणारा संमती आदेश झाला. तोही न्यायालयातून.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये याच खात्याने अटलांटिक कोस्ट गॅस वाहिनीला पाण्याविषयीची परवानगी दिली. ती वाहिनी राज्याच्या पूर्व भागातील कृष्णवर्णीय आणि लंबी या मूळनिवासी वस्त्यांतून जाणार होती. लोक संतापले. ज्याला आपला मानले त्यानेच सही केली, ही वेदना त्यांनी जाहीरपणे मांडली. २०२० मध्ये कंपन्यांनीच प्रकल्प सोडून दिला, तो विरोध, खटले आणि वाढलेला खर्च यांमुळे. चांगला अधिकारीसुद्धा दबावाखाली असतो. आपला म्हणून त्याच्याविरुद्ध बोलायचे नाही, असे त्या लोकांनी ठरवले असते तर?

राष्ट्रीय पदावर

२०२० च्या अखेरीस बायडेन यांच्या ईपीए प्रमुखपदासाठी कॅलिफोर्नियातील एका अनुभवी अधिकाऱ्याचे नाव आघाडीवर होते. पण त्या राज्यातल्या पर्यावरणीय न्यायाच्या अनेक गटांनी पत्र लिहून आक्षेप घेतला: हवामान बदलावर यांनी मोठे काम केले असेल, पण कारखान्यांशेजारी राहणाऱ्या आमच्या वस्त्यांचे ऐकले नाही. नाव मागे पडले आणि रीगन पुढे आले. म्हणजे त्यांची नियुक्ती हे वरून मिळालेले दान नव्हते. तिच्यामागे चळवळीचे वजन होते.

रीगन यांनी ते ओळखले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मिसिसिपी, लुईझियाना आणि टेक्सासमधील प्रदूषणग्रस्त वस्त्यांत स्वतः फिरले. २४ सप्टेंबर २०२२ रोजी, आंदोलनाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, ते वॉरेन काउंटीत गेले. १९८२ मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांच्या साक्षीने त्यांनी नवे कार्यालय जाहीर केले: पर्यावरणीय न्याय आणि नागरी हक्क यांचे एकत्रित कार्यालय, २०० हून अधिक कर्मचारी, मुख्यालयासह दहाही विभागांत उपस्थिती. त्याच वर्षीच्या कायद्याने मिळालेल्या ३ अब्ज डॉलरच्या अनुदानांची अंमलबजावणी याच कार्यालयाकडे आली.

चाळीस वर्षांपूर्वी ज्या गावाला पोलिसांच्या गाडीत भरले, त्याच गावात सरकारचा मंत्रिमंडळ दर्जाचा अधिकारी येऊन त्या लोकांचे ऋण मान्य करतो. हा क्षण छोटा नव्हता. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

लुईझियानातील माघार

खरी कसोटी लुईझियानात लागली. मिसिसिपी नदीकाठी बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या सुमारे ८५ मैलांच्या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची रांग आहे. लोक त्याला 'कॅन्सर ॲली' म्हणतात. एकेकाळी तिथे उसाचे मळे होते आणि गुलाम राबत होते. आज कारखान्यांच्या भिंतीला लागून त्यांचेच वंशज राहतात. रिझर्व्ह गावातील डेन्का कारखान्यातून क्लोरोप्रीन बाहेर पडे. हे कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले रसायन आहे, आणि जवळच प्राथमिक शाळा होती.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण सांगते की केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वंशभेद करता येणार नाही. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की भेदभावाचा हेतू सिद्ध करता येत नसेल, फक्त परिणाम भेदभावाचा असेल, तर सामान्य नागरिक या प्रकरणाखालच्या नियमांच्या आधारे न्यायालयात जाऊ शकत नाही. तक्रार करायची ती सरकारी खात्याकडे. खात्याची इच्छा असेल तर कारवाई, नसेल तर नाही. हेतू तर कागदावर कोणी लिहून ठेवत नाही. म्हणजे हक्क कायद्यात राहिला, पण त्याची किल्ली अधिकाऱ्याच्या खिशात गेली.

२०२२ च्या सुरुवातीला रहिवाशांनी ईपीएकडे तक्रार केली. एप्रिलमध्ये चौकशी सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये ईपीएने ५६ पानांचे पत्र पाठवून राज्याच्या खात्यांना सुनावले की कृष्णवर्णीय रहिवाशांवर विषम परिणाम होत असल्याचे पुरावे दिसतात. लोकांच्या आशा पल्लवित झाल्या. मे २०२३ मध्ये राज्य सरकारने ईपीएवरच खटला भरला. जूनमध्ये ईपीएने चौकशी बंद केली.

मुदतीत प्रकरण निकाली निघणार नाही आणि इतर मार्गांनी प्रदूषण कमी करण्याची पावले उचलली आहेत, असे कारण देण्यात आले. त्यातले काही खरेही होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये डेन्कावर केंद्राने खटला भरला होता, आणि २०२४ मध्ये २०० हून अधिक रासायनिक कारखान्यांसाठी कडक नियम आले. पण अनेक जाणकारांच्या मते खरी भीती वेगळी होती: प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तर उरलेसुरले हत्यारही जाईल. हत्यार वाचवण्यासाठी ते म्यान केले गेले. आणि २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने लुईझियानापुरते ते काढूनही घेतले. माघार घेऊनही काही वाचले नाही.

२०२५: एका सहीची किंमत

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रीगन पदावरून गेले. २१ जानेवारी २०२५ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांनी १९९४ चा आदेश रद्द केला. एकतीस वर्षे चळवळीने ज्याचा आधार घेतला तो कागद एका सहीने गेला, कारण तो आलाही एका सहीनेच होता. फेब्रुवारीत १७१ कर्मचाऱ्यांना रजेवर बसवले. मार्चमध्ये कार्यालय बंद करण्याचा आदेश निघाला. डेन्काविरुद्धचा खटला मागे घेतला गेला. जुलैमध्ये संसदेने कायदा करून न वाटलेला निधीही परत घेतला.

पिण्याच्या पाण्याचा नियम मात्र वेगळ्या वाटेने गेला. एप्रिल २०२४ मध्ये रीगन यांनी नॉर्थ कॅरोलिनातील फेएटव्हिल येथे पीएफएएस या न विघटणाऱ्या रसायनांवरची पहिली राष्ट्रीय मर्यादा जाहीर केली होती. त्यातील दोन प्रमुख रसायनांसाठी ती लाख कोटी भागांत ४ भाग इतकी कडक आहे. मे २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने जेनएक्ससह इतर रसायनांच्या मर्यादा मागे घेण्याचा आणि मुदत २०३१ पर्यंत वाढवण्याचा इरादा जाहीर केला. पण त्या दोन प्रमुख मर्यादांना हात लावला नाही. हा नियम पेयजल सुरक्षा कायद्याखाली आला आहे, आणि एकदा दिलेले संरक्षण सहज पातळ करता येणार नाही असे बंधन त्या कायद्यातच आहे. त्यामुळे इथे एक सही पुरत नाही. सूचना, हरकती, सुनावणी, न्यायालय असा लांबचा रस्ता घ्यावा लागतो.

तीन कागद

म्हणून ही कारकीर्द आम्ही तीन कागदांत वाचतो. पहिला कागद आदेशाचा: लवकर निघतो, लवकर जातो. दुसरा कायद्याखालच्या नियमाचा: काढायला वेळ लागतो, मोडायलाही वेळ लागतो. तिसरा न्यायालयात बांधलेल्या कराराचा, ज्यात पीडित लोक स्वतः पक्षकार असतात: तो अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जात नाही. रीगन यांनी तिन्ही कागदांवर काम केले. सर्वाधिक गाजावाजा पहिल्याचा झाला, आणि सर्वाधिक काळ टिकतो आहे तो तिसरा.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बजावले होते की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल. आपण हे वाक्य नेहमी सांगतो. रीगन यांची कारकीर्द त्याची दुसरी बाजू दाखवते: राबवणारा चांगला असला तरी त्याच्या हाती पक्का कायदा नसेल, तर त्याचे काम त्याच्या मुदतीपुरतेच जगते. आपल्याला दोन्ही लागतात. २० मार्च २०१८ च्या निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायदा बोथट झाला तेव्हा २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर उतरले, काहींनी प्राण गमावले, आणि ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करून तो पूर्ववत करावा लागला. तिथे कायदा होता म्हणून मागायला जागा होती, आणि लोक होते म्हणून कायदा परत आला. तो लढा एखाद्या शासन निर्णयासाठी असता तर गोष्ट कुठे विरली असती, याचा विचार करा.

आज आपली मुले-मुली प्रदूषण नियंत्रण मंडळात, वनखात्यात, महापालिकांत, प्रशासकीय सेवेत जात आहेत. त्यांचा सत्कार करताना पुष्पगुच्छाबरोबर तीन प्रश्नही द्यावेत. तुम्ही जे कराल ते कोणत्या कागदावर असेल? तुमची बदली झाल्यावर त्याची अंमलबजावणी मागण्याचा अधिकार वस्तीतल्या माणसाला असेल का? आणि तुम्ही चुकीच्या कागदावर सही केलीत, तर तुमच्याविरुद्ध बोलण्याची मोकळीक आम्हाला आहे ना?

अधिकाऱ्यालाही या प्रश्नांचा उपयोगच होतो. वरून दबाव येतो तेव्हा 'बाहेर लोक उभे आहेत' एवढे एकच उत्तर त्याच्याजवळ असते. रीगन यांच्या मागे ते लोक होते म्हणून ८ कोटी टन राखेचा करार झाला. आणि खुर्चीवरचा माणूस बदलला तरी ती राख आजही उचलली जात आहे.